उजवीकडचा दांडा

"बसून दाखवा, वैनी. एकदाच बसा. हात कुठं जातोय तेवढं बघतो आन् खूण करतो."

बाबालाल गवंडी कानामागची पेन्सिल हातात घेऊन न्हाणीत उभा होता. कमोड त्याच दिवशी बसला होता, झाकणावरचा कागदसुद्धा अजून निघाला नव्हता. मी दाराबाहेर पदर सावरत उभी. परक्या पुरुषासमोर, तेही तसल्या ठिकाणी, बसून काय दाखवायचं? मी खाली बघत म्हटलं, "नको. नकाशात आहे तसं लावा तुम्ही."

त्यानंही पुन्हा विचारलं नाही. डाव्या भिंतीवर दांड्याची खूण केली आणि मशीन लावलं.

याला आता वीसेक वर्षं झाली.

आमचं घर जयसिंगपुरात, गल्लीतलं जुनं कौलारू. मागं परस, परसाच्या टोकाला संडास, आणि स्वयंपाकघराला लागून चार फूट रुंद, सहा फूट लांब न्हाणी. त्या वर्षी पौषात माझ्या सासूबाई पहाटे परसातून जाताना ओल्या शहाबादीवरून घसरल्या आणि त्यांचा खुबा मोडला. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. कोल्हापुरात ऑपरेशन झालं. आता परसात जायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मग असं ठरलं, की न्हाणीतच कमोड बसवायचा, उंबरा काढायचा, धरायला दांडा लावायचा आणि तोवर आत्याबाईंनी कोल्हापुरात विमलवन्संच्या फ्लॅटवर राहायचं. वन्संच्या धाकट्या दिरांनी, ते इंजिनिअर, त्याच फ्लॅटमधलं बघून एक नकाशा काढून दिला. तोच कागद बाबालालनं न्हाणीच्या दाराला चिकटवून ठेवला होता.

आमच्या घरात नियम आले ते आत्याबाईंबरोबर. सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शन झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. सूर्य मावळल्यावर जेवायचं नाही. वाराप्रमाणे एकेक रस सोडायचा. रविवारी मीठ, शनिवारी तेल. हे मी त्यांच्याकडूनच उचललं आणि अजून पाळते. लग्नानंतर पहिल्यांदा मी आपल्या मनानं नियम घेतला, तेव्हा त्यांनी मला जवळ बसवून विचारलं होतं, किती दिवसांचा? मी म्हटलं, बघू, जमेल तेवढा. त्या म्हणाल्या, तसं नसतं. देवासमोर उभं राहायचं, मोठ्यानं बोलायचं, कशासाठी आणि कधीपर्यंत ते सांगायचं. मुदत नसेल तर तो नियम नव्हे, तो हट्ट.

काम सुरू झाल्यावर पहिल्या रविवारी आम्ही दोघं त्यांना बघायला गेलो. दारातच वन्सं कौतुकानं म्हणाल्या, आईनं एकाशन धरलंय. एवढं मोठं ऑपरेशन झालं, तरी दिवसातून एकदाच जेवण आणि पाणीही त्याच वेळी. आमच्या ह्यांचा चेहरा उजळला. आपली आई म्हणजे आईच, असं काहीतरी ते बोलले.

आत्याबाई पलंगावर बसून जेवत होत्या. ताटात थोडा भात, वरण, आणि हातात चमचा. मी त्यांना जन्मात चमच्यानं जेवताना पाहिलं नव्हतं. वन्सं म्हणाल्या, हाताला ताकद नाही म्हणून. मला ते पटलं. पलंगाच्या दांडीला जपमाळ लटकत होती, तिच्यावर गोधडीचं टोक आलं होतं. तेही मी पाहिलं आणि सोडून दिलं.

निघताना वन्संनी जिन्यात गाठून सांगितलं, की डॉक्टरांनी वजन केलं, तीन किलो उतरलंय. पंधरा दिवसांनी सोमवारी पुन्हा बघणार आहेत. वाढलं नाही तर दवाखान्यात ठेवून नळीनं अन्न देणार, आणि या वयात एकदा नळी लागली की ती सुटेल असं सांगता येत नाही, असंही म्हणाले. वन्संना रडू आवरत नव्हतं. आईच्या नियमात आडवं कसं जायचं, म्हणाल्या, मला पाप लागेल.

एस.टी.त हे मला म्हणाले, "तू सांगून बघ. तुझं ऐकते ती."

"पुढच्या वेळी बघते," मी म्हटलं.

पुढचा रविवार येईतो न्हाणी पूर्ण झाली. खरंच सुंदर झाली. जुना काळपट कोबा जाऊन पांढऱ्या, पाय न घसरणाऱ्या फरश्या आल्या. उंबरा गेला, वॉकर सहज आत जाईल एवढं दार रुंद झालं. डाव्या भिंतीवर चकचकीत स्टीलचा दांडा, उजवीकडे आंघोळीच्या मोकळ्या जागेच्या बाजूला हाताशी नळ. हे शनिवारी संध्याकाळी दोनदा जाऊन दिवा लावून बघून आले. कोल्हापूरला जाताना वाटेत त्यांनी पेढे घेतले.

आत्याबाई आणखी वाळल्या होत्या. पोलक्याच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या. ह्यांनी पेढ्यांचा पुडा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि सांगितलं, की सगळं झालं, बुधवारी तुला घेऊन जातो.

त्या हसल्या. मग विचारलं, "दांडा कुठं लावलाय?"

"हुबेहूब इथल्यासारखा," हे अभिमानानं म्हणाले. "तुला सवय झालीय ना, म्हणून तसाच."

त्यांनी पुडा हळूच बाजूला सरकवला. "मग राहू दे. आणखी थोडे दिवस इथंच बरी आहे मी."

ह्यांना काही समजेना. त्यांनी कारण विचारलं, वन्संनी विचारलं. आत्याबाई पुन्हा तेच म्हणाल्या, इथंच बरी आहे. शेवटी हे उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यांच्या पाठीकडे बघून मला कळलं, की त्यांना लागलंय. बारा दिवस सिमेंटच्या धुळीत त्यांनी स्वतः पाणी मारलं होतं.

वन्सं स्वयंपाकाला गेल्या. मी पलंगाशी खाली बसले आणि हळूच विचारलं, "आत्याबाई, एकाशन कधीपर्यंत?"

"बघू."

"कुणासमोर घेतलंत?"

"मनात."

"कशासाठी?"

ज्या बाईनं मला बोटाला धरून नियम शिकवला, तिच्याकडे यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर नव्हतं. ज्याला मुदत नाही, देव नाही, कारण नाही, तो त्यांच्याच हिशेबात नियम नव्हता. आणि एकाशनाला बसलेली बाई जप टाकून बसेल? मी गोधडीचं टोक उचललं. माळेवर बारीक धूळ होती.

मला काहीतरी दिसत होतं, पण नीट लागत नव्हतं. मी उठून बाथरूममध्ये गेले. खरं सांगायचं तर डोळ्यांना पाणी लावायला गेले होते. आत त्यांचा तो कमोड, तो दांडा. काय वाटलं कुणास ठाऊक, मी दाराला कडी लावली आणि बसले. आठ दिवसांपूर्वी बाबालाल जे सांगत होता ते आता एकटीनं केलं. डोळे मिटले. आपला खुबा मोडलाय, पाय भार घेत नाही, असं मनात धरलं. आपोआप डावा हात भिंतीवरच्या दांड्याकडे गेला आणि त्यानं तो घट्ट धरला. आता थोडं कलायचं, म्हणजे पाणी घेता येईल. दांडा सोडला तर तोल जातो. सोडायचा नाही. मग पाणी कोणत्या हातानं घ्यायचं?

मोकळा होता तो उजवा.

चमचा, माळ, गोधडीचं टोक, सगळं एकेक करून समोर आलं.

बाहेर येऊन मी आत्याबाईंच्या पायाशी बसले आणि दार लोटून घेतलं. अशा गोष्टी आम्ही कधी एकमेकींशी बोललो नव्हतो. तीस वर्षं एका घरात राहून बोललो नव्हतो. मी त्यांचा उजवा हात हातात घ्यायला गेले, तर त्यांनी तो मागे ओढला.

"या हातानं जेवत नाही ना तुम्ही?" मी म्हटलं.

मग त्या अगदी हळू, दाराकडे बघत बोलू लागल्या. सकाळी आठ ते नऊ एक आया येते, ती सगळं करते. परक्या बाईनं करायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं, पण तेही सोसलं. एके दिवशी आया आली नाही. विमल बाहेर गेलेली, घरात फक्त जावई.

"मग मी काय करणार होते, त्रिशला?" त्यांनी उजवा हात पदराखाली घेतला. "या हातानं मी बस्तीत मूर्तीच्या अभिषेकाचं गंधोदक कपाळाला लावते. धुतला गं. साबणानं धुतला, राख मागवून धुतला. विमल म्हणाली, आई, राख कशाला? काय सांगू तिला? हात स्वच्छ झाला असेल, मला नाही होत."

"म्हणून एकदाच जेवता."

"एकदा जेवलं की एकदाच जावं लागतं. ती आया असते तेव्हा." त्यांनी डोळे पुसले. "लोक म्हणतात एकाशन. मी ते नाकारलं नाही. तेवढं खोट्याचं पाप लागलं मला."

त्यांना समजावायला माझ्याकडे शब्द होते. हात हा हातच असतो, देवाला भाव लागतो, असलं बरंच काही मी प्रवचनांत ऐकलं होतं. पण त्यांच्या जागी मी असते तर मलाही ते पटलं नसतं. म्हणून ते मी बोललेच नाही. म्हटलं, "शुक्रवारपर्यंत थांबा. दांडा उजवीकडे येईल, नळ डावीकडे."

"आता? फरश्या बसल्यात ना?"

"निघतील."

"धनपालला काय सांगशील?"

"सांगेन ते सांगेन."

ते सांगणं सोपं नव्हतं. एस.टी.त शेजारी माणसं होती, म्हणून घरी येईपर्यंत गप्प राहिले. घरी आल्यावर हे आधी ऐकेनात. इंजिनिअरनं काढलेला नकाशा आहे, म्हणाले, उजवीकडे भिंतच नाही तर दांडा काय हवेत लावणार? आणि डावीकडच्या फरश्या फोडायच्या म्हणजे पुन्हा सगळी धूळ. आईला इथं यायचंच नाहीये, तू कशाला खापर दांड्यावर फोडतेस.

मी आवाज कधी चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. डावा हात दाराच्या चौकटीला धरला, उजवा मोकळा ठेवला, आणि आत्याबाईंना कोणत्या हातानं काय करावं लागलं ते, जे शब्द मी लग्नानंतर ह्यांच्यासमोर कधी उच्चारले नव्हते ते शब्द वापरून, सरळ सांगितलं. मग त्या जेवत का नाहीत ते सांगितलं.

हे खाली बसले. म्हणाले, "मी पेढे नेले."

"तुम्हाला कुठं माहीत होतं."

"हुबेहूब म्हणालो मी. हुबेहूब."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबालाल आला तो जरा घुश्शातच. आपल्या कामात काय खोट निघाली, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. हे दारात उभे राहिले, पण बोलायचं मी ठरवलं होतं. मी न्हाणीत गेले, पदर खोचला आणि कमोडच्या झाकणावर बसले.

"बाबालाल, तुम्ही त्या दिवशी म्हणालात तसं बसून दाखवते. बघा."

मी डावा हात दांड्याला लावला. "हा हात इथं अडकला. आता पाण्याला कोणता राहिला?"

त्यानं माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग दांड्याकडे, आणि एकदम दोन्ही हातांनी टोपी काढली. "आयला," तो पुटपुटला आणि लगेच ह्यांच्याकडे बघून माफी मागितल्यासारखी मान हलवली. "वैनी, आमच्यात बी डावाच की. उजव्यानं जेवायचं, उजव्यानं सलाम. मला कळाय पायजे हुतं."

"मला पण. मी बसायला लाजले."

"आन् मी परत इचारायला लाजलो. म्हटलं, बाईमाणसाला किती येळा बसा म्हणायचं." तो भिंतीला टेकून हसायला लागला. "तिघं शाणी माणसं हितं हुबी हुती बगा, आन् त्यो नकाशा काढणारा चौथा."

"मला धरू नका त्यात," हे म्हणाले. "मी फक्त पाणी मारलं." त्या घरात आठ दिवसांनी कुणीतरी हसत होतं.

मग कामाचं बोलणं सुरू झालं. उजवीकडे भिंत नव्हती. अर्धी भिंत उठवली तर वॉकर वळणार नव्हता. बाबालाल न्हाणीत उकिडवा बसला, उठला, पुन्हा बसला. मान वर करून छपराच्या लाकडी तुळईकडे बघत राहिला आणि म्हणाला, की एस.टी.त कंडक्टर धरतो तसा खांब लावू. खाली फरशीत गाडायचा, वर तुळईला आवळायचा. कमोडपासून वीतभर पुढं, उजव्या अंगाला. बसताना बी धरता येतो, उठताना बी, आणि हात उंचीला कुठंही पडला तरी चालतो.

"किती पुढं?" त्यानं विचारलं. या वेळी मी लाजले नाही. हात लांब करून दाखवला, मग आत्याबाई माझ्याहून चार बोटं बुटक्या आहेत हे आठवून पुढं सरकून पुन्हा दाखवला. त्यानं फरशीवर पेन्सिलीनं गोल काढला.

नवी फरशी फुटताना वाईट वाटलं, हे कबूल करते. पहिला घाव बसला तेव्हा ह्यांनी तोंड फिरवलं. डाव्या भिंतीत खाच पाडून नळाचा पाइप फिरवला. जिथं आधी दांड्याचे स्क्रू होते तिथं चार भोकं राहिली. ती बाबालालनं पांढऱ्या सिमेंटनं भरली. गुरुवारी दुपारी त्यानं खांबाला लटकून, पाय उचलून, स्वतःचं वजन टाकून बघितलं. मग ह्यांना लटकायला लावलं. खांब हलला नाही. आत्याबाईंनी तो पुढं नऊ वर्षं वापरला. आता माझे गुडघे धरलेत, तर मीच धरते.

शुक्रवारी दुपारी वन्संच्या गाडीनं आत्याबाईंना घरी आणलं. वन्सं थोडा वेळ बसून परतल्या, हे औषधं आणायला स्टँडकडे गेले. सोमवारी डॉक्टर बघणार होते. मधे तीन दिवस.

सूर्य मावळायला तासभर होता. मी ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, दोडक्याची भाजी. चमचा ठेवला नाही. आत्याबाई ताटाकडे बघत राहिल्या.

"माझं आज जेवण झालंय दुपारी," त्या म्हणाल्या. "एकाशन."

"त्याची मुदत आज संपली."

"कुणी ठरवली?"

"मी ठरवली. तुम्ही ठरवायला विसरला होतात."

ओठाच्या कोपऱ्यात त्यांना हसू आलं. "आणि खोट्या नियमाचं प्रायश्चित्त?"

"दोन भाकऱ्या."

"एवढं कडक नको गं," त्या म्हणाल्या. पण हात ताटाकडे गेला नाही. त्यांनी वॉकर जवळ ओढला. "आधी जाऊन येते. माझं मला जमलं तर जेवते. नाही जमलं तर नाही."

मी कवाडाच्या वरच्या फटीतून येणारं ऊन बघितलं. ते भिंतीवर बरंच वर चढलं होतं. म्हटलं, चला, मी दाराशी थांबते.

"नाही."

"आत नाही येत. बाहेर उभी राहते फक्त."

"तू बाहेर उभी आहेस हे मला आत कळत राहणार. मग ती आया काय आणि तू काय." त्या वॉकरवर ओणवून उभ्या राहिल्या. श्वास लागला होता, तरी आवाज पूर्वीसारखा होता, मला नियम शिकवताना होता तसा. "तू बस्तीपर्यंत जा आणि ये. मधे थांबायचं नाही. अर्ध्या वाटेतून वळायचं नाही."

डॉक्टरांनी हाकेच्या अंतरावर कुणीतरी हवं असं सांगितलं होतं. मी ते सांगितलं. त्या म्हणाल्या, पडले तर एवढी ओरडेन की अख्खी गल्ली येईल.

"कडी लावू नका मग."

"नाही लावत. पण तू शब्द दे."

मी त्यांच्याकडे पाहिलं. बेचाळीस किलोची बाई, हातात अॅल्युमिनियमचा सांगाडा, आणि चेहऱ्यावर असा ठामपणा, की नाही म्हणायची सोय नव्हती.

"दिला," मी म्हटलं.

त्या वळल्या. वॉकर टेकला, पाय सरकला, वॉकर टेकला. न्हाणीचं दार उघडलं आणि लोटलं गेलं. मी ताटावर दुसरं ताट झाकलं, त्यांच्या खुर्चीजवळ पाण्याचा तांब्या ठेवला आणि पुढच्या दारी आले.

मी चालते ती नेहमी हलक्या पायानं. घरातल्यांना कळतसुद्धा नाही मी कधी गेले आणि कधी आले. त्या दिवशी चपला घातल्या आणि पायऱ्यांवर मुद्दाम आपटत उतरले, म्हणजे आत त्यांना ऐकू जावं. फाटक उघडलं, तेही वाजवून बंद केलं. मग रस्त्याच्या कडेनं, पुढं बघत, बस्तीच्या दिशेला चालू लागले.